एकोणिसावं दार

पहाटे साडेपाचची एसटी धरायची होती, म्हणून पाचला घराला कुलूप लावलं आणि सवयीने दाराला म्हटलं, "येतो गं." शेजारच्या वहिनी दुधाची पिशवी घ्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आमची ही जाऊन तीन वर्षं झाली. पण निघताना 'येतो गं' आणि परतल्यावर 'आलो गं' म्हटल्याशिवाय माझा पाय हलत नाही. परतल्यावर तर गंमतच होते. किल्ली फिरवायच्या आधीच आतून झोपाळ्याची कडी एकदा करकरते. कुठून तरी वारा येत असेल. कडीला तेल घालायचं मी दर वेळी ठरवतो आणि दर वेळी विसरतो.

मी पुण्यात पेट्या दुरुस्त करतो. हाताच्या, पायाच्या, भजनीमंडळांच्या, नाट्यसंगीतवाल्यांच्या. पण या वेळी जे काम घेऊन मी नगर जिल्ह्यात निघालो होतो तसलं काम चाळीस वर्षांत आलं नव्हतं. ते डेन्मार्कहून आलं होतं. इंगर नावाची एक शाळामास्तरीण, वय चाळिशीच्या आतबाहेर, माझा नंबर कुठून कुठून मिळवून फोनवर आली. तिचं इंग्रजी तिकडच्या वळणाचं, माझं शनिवार पेठेतलं. पण दोघांनाही घाई नसली की समजतं. मग तिने कुरियरने एक जुनी पितळी किल्ली, एका पायपेटीचा (पायाने भाता चालवायच्या पेटीचा) फोटो आणि गावाचं नाव पाठवलं. मुरमाळ, पाथर्डीच्या पुढे.

किल्ली तिच्या वडिलांची. एस्किल हॉल्मगोर हे त्यांचं नाव. आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसणार, मीही ऐकलं नव्हतं. तिकडच्या अभिजात संगीतातले ते मोठे रचनाकार. लहानपण एका बेटावर गेलं. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि हे मागे बसून भाता मारायचे. तिशीत वाद्यवृंदासाठी त्यांनी समुद्रावरच्या धुक्याची एक रचना केली, तिच्यामुळे नाव झालं. आणि मग झरा आटावा तसं सुचायचंच थांबलं. इंगर सहा वर्षांची असताना ते घर सोडून गेले. त्यांची बहीण मुरमाळच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडे ते आले, ऊसतोडीचा एक हंगाम राहिले आणि परत गेले. पण बायकोमुलीकडे गेलेच नाहीत. कुठल्याशा गावात चर्चच्या वरच्या खोलीत एकटे राहिले. मुलीला वाढदिवसाला कार्ड पाठवायचे. कार्डावर हवापाण्याखेरीज काही नसायचं.

नऊ वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा टेबलावर एकच रचना सापडली. वीस वर्षं ते तीच लिहीत होते. नाव 'घरं'. शब्द नाहीत. गाणाऱ्यांनी नुसती 'ओ ऽ ऽ' अशी लांब हाक द्यायची आणि मग गप्प राहायचं. प्रत्येक शांततेवर एक आकडा. पाच, तीन, सात, चार. अशा एकोणीस हाका आणि एकोणीस शांतता. तिकडच्या गायकमंडळींनी आकडे म्हणजे सेकंद असं धरून तालमी चालवल्या होत्या. पण एकोणिसाव्या शांततेवर आकडाच नव्हता. वसंतात त्या बेटावरच्या चर्चमध्ये हे पहिल्यांदा गायचं ठरलेलं. गायनप्रमुख म्हणाला, शेवटी दहा सेकंद थांबू, कुणाला काय कळतंय! इंगर म्हणाली, "नाही. माझ्या बापाने मला आयुष्यभर हवामान सांगितलं. हा एक आकडा तरी मला खरा हवाय."

तेवढ्या एका आकड्यासाठी मी निघालो होतो. जमलं तर पेटी दुरुस्त करायची, हे दुय्यम.

शिक्रापूर सोडल्यावर मी कानात इअरफोनची बोंडं घालून इंगरने पाठवलेलं तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. खरं सांगतो, पहिल्यांदा हसू आलं. एवढ्या शांततेत श्रोत्यांची खोकायची चांगली सोय होईल, असं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकताना शेजारचा माणूस झोपेत होता आणि त्याचा श्वास त्या शांततांमध्ये बरोबर बसत होता. मग मी बोंडं काढून ठेवली.

स्टँडवरच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगरच. भिंगारच्या बाजारात उतरलो, भात्यासाठी मेंढीचं पातळ कातडं घेतलं. दुकानदार कातडं गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मुरमाळ? आता तिथं कोन असनार? समदं गाव तोडीला गेलंय."

"कुणीच नाही?"

"म्हातारी असत्याल दोन-चार. दुपारच्याला नका जाऊ पन. चार वाजता जावा."

"का हो?"

"ऊन लई असतंय," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जानेवारीचा महिना होता, मी स्वेटर घालून उभा होतो.

भिंगार सुटलं की डाव्या हाताला डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतो. तो बराच वेळ आपल्याबरोबर चालतो आणि करंजी घाटाच्या अलीकडे सोबत सोडतो. घाट चढला की मुलूखच बदलतो. झाडं ठेंगणी होतात, माती तांबूस करडी होते, वाळलेली बाजरीची ताटं वाऱ्यावर वाजतात. पाथर्डीहून काळीपिवळी जीप मिळाली. तिने मला फाट्यावर उतरवलं. उतरताना माझ्या हत्यारांच्या पिशवीचा बंद दारात अडकून तुटला आणि कानस, पकड, सरसाचा डबा असं सगळं रस्त्यावर सांडलं. ते गोळा करून दीड मैल चालत गावात पोचेस्तोवर साडेअकरा होऊन गेले होते.

मुरमाळ म्हणजे एका लांब गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरं. सगळ्या दारांना कुलपं. कुत्रं नाही, कोंबडी नाही. हे मला सांगितलंच होतं. जे सांगितलं नव्हतं ते असं, की प्रत्येक कुलूपबंद दारासमोर सडा टाकलेला होता. ताजा, अजून ओला. दोन महिने बंद असलेल्या घरांपुढे सकाळी कुणीतरी शेणसडा घातला होता आणि गल्लीत माणूस दिसत नव्हतं. मला त्या ओल्या अंगणांमधून चालवेना. मी मध्यावरून, पाय सांभाळत चाललो.

गल्लीच्या टोकाला एक दार उघडं होतं. तिथे गयाबाई आणि त्यांचे यजमान सखाराम भेटले. दोघंही सत्तरीपुढची. सखारामबुवांना कानांनी अजिबात ऐकू येत नाही, बोलणं मात्र खणखणीत. मी पुण्याहून आलो, पेटीचा कारागीर, साहेबांची पेटी बघायची आहे, असं सांगितलं.

"पेटीसायबाची व्हय?" गयाबाईंचा चेहरा खुलला. "बसा भाऊ. पानी प्या. पन आदी आमाला हाक मारायची हाय. बारा वाजत्याल आता. चला संगं, नुसतं बोलू नगा मदी."

काय प्रकार आहे हे विचारायला सवडच मिळाली नाही. दोघं उठली. पहिल्या घरापाशी सखारामबुवांनी उजव्या हाताचा तळवा दारावर टेकला. गयाबाई उंबऱ्यापासून दोन पावलं मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली.

"ओ ऽ ऽ गर्जे!"

तोच सूर. तीच चढण, शेवटी तोच उतार. पहाटे एसटीत डॅनिश बायाबापड्यांच्या गळ्यातून ऐकलेली हाक इथे नगरी उन्हात उभी होती.

हाकेनंतर त्या गप्प राहिल्या. त्यांची छाती सावकाश वरखाली होत होती. मी मोजलं, चार श्वास. मग सखारामबुवांनी हात काढला, मान हलवली आणि आम्ही पुढच्या दाराशी गेलो. "ओ ऽ ऽ पालवे!" तीन श्वास. पुढे सात. मी इंगरने पाठवलेला आकड्यांचा कागद खिशातून काढला. आकडे जवळपास तेच होते. सेकंदांचा प्रश्नच नव्हता, ते श्वास होते.

चौथ्या दाराशी मला राहवलं नाही. कुजबुजत विचारलं, "मावशी, कागदावर पहिल्या घराला पाच आहेत. तुम्ही चारच थांबलात."

"म्हातारा गेला न्हवं त्येंचा," त्या चालता चालता म्हणाल्या. "घरात जेवढी मानसं, तेवढं सुस्कारं थांबायचं. जाताना ज्येची त्यो मोजनी सांगून जातो, आमी पाच, आमी सात. दिवाळीपासनं गुढीपाडव्यापत्तुर रोज सडा टाकायचा, हाक मारायची. घराला मानसांची सय ऱ्हाती. न्हाईतर मोकळ्या घरात कोनबी येऊन बसतं."

"आणि गेलेला माणूस?"

"मेल्याला हाक मारायची न्हाई." त्या थांबल्या. "हाक मारली तर घरातनं उत्तर येतं. जित्याचं उत्तर येत न्हाई, त्यो लांब असतोय. मेल्याला लांब कुठं जायचंय?"

म्हणून सखारामबुवांचा हात दारावर होता. कानांना जे कळलं नसतं ते तळव्याला कळायचं.

अठरा दारं झाली. अठराही गप्प होती. एकोणिसावं दार गल्लीबाहेर, बंद पडलेल्या दवाखान्यामागच्या एका खोलीचं. कुलूप पितळी. माझ्या पिशवीतली किल्ली त्याचीच, हे पाहताक्षणी कळलं. आणि त्याच क्षणी आठवलं, या घरचा माणूस नऊ वर्षांपूर्वी वारला आहे. गयाबाई पुढे झाल्या होत्या. त्यांना थांबवायला हवं होतं. मी हात पुढे करेपर्यंत उशीर झाला.

"ओ ऽ ऽ सायेब!"

एक श्वास. काही नाही. बाजूच्या बाभळीवरचा वारासुद्धा पडलेला.

दुसरा श्वास. आणि आतून, दाराच्या पलीकडून, पेटीचा एक सूर लागला. खालच्या सप्तकातला, लांब, हळूहळू विरणारा. चाळीस वर्षं मी पेटीचे सूर ऐकतोय. तो भास नव्हता.

सखारामबुवांनी हात काढला आणि शांतपणे म्हणाले, "हाय."

"पेटी हाय आत," गयाबाई मला समजावत म्हणाल्या. "वाजती आपली हवंनं. आमाला सवय झाली."

मी मान डोलावली.

गयाबाईंनी जेवायला हुलग्याची शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या, तिखट रश्शात शिजवलेल्या वळ्या) आणि बाजरीची भाकरी वाढली. एरवी मी शेंगोळीसाठी दहा मैल चालत जाईन. त्या दिवशी अर्धी भाकरी तशीच राहिली. साहेबांबद्दल मात्र विचारत राहिलो. ते रोज हाकेला बरोबर यायचे म्हणे, वहीत रेघोट्या ओढायचे, मराठी चार शब्द शिकले होते. पाडव्याला माणसं परतली तसे ते निघाले.

"जाताना मोजनी सांगितली का त्यांनी?"

"सांगितली की. दोन बोटं दावली. मी म्हनलं, बायकू का? तर न्हाई म्हनले. आन हात असा धरला." गयाबाईंनी तळहात जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर आडवा धरला. "पोर. डोळ्याला पानी हुतं सायबाच्या. येतो म्हनले, पोरीला घिऊन येतो. तवापासनं दोन सुस्कारं थांबतो आमी. केवढी झाली आसंल आता ती?"

मी ताटावरून उठलो. शेवटचा आकडा मला मिळाला होता आणि तो खिशात घेऊन तडक फाटा गाठावा, असं मनापासून वाटत होतं. पण इंगरला पेटी बघतो असा शब्द दिला होता. आणि खरं म्हणजे त्या सुराचं कारण सापडल्याशिवाय मला पुण्यात झोप लागली नसती. भात्यात हवा अडकते, झडप गळते, उंदीर पट्टीवरून जातो, पेटी आपोआप वाजायला शंभर कारणं असतात. त्यातलं एक मला हवं होतं.

तीन वाजता कुलूप उघडलं. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीशी पायपेटी. मी मागची फळी काढली. भात्याचं कातडं उंदरांनी पार खाल्लं होतं. नुसता लाकडी सांगाडा. पायपट्ट्या दाबून पाहिल्या, हवेची फुंकरसुद्धा येईना. हवा धरायला जागाच नव्हती. अशी पेटी वाजत नाही. वाजूच शकत नाही.

मग मी सुरांची पेटी बाहेर ओढली. सूर काढणाऱ्या पितळी पत्त्यांवर तीस वर्षांची धूळ बसून बुरशी धरली होती. एकच पत्ती स्वच्छ होती. खालच्या सप्तकातली. पत्ती रोज थरथरत असली की तिच्यावर धूळ बसत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. मी ती पत्ती परत जागेवर ठेवली आणि मागची फळी बसवली.

बाहेर येऊन मी गयाबाईंना सांगितलं. साहेब आता नाहीत. नऊ वर्षं झाली. त्यांच्या मुलीनेच मला पाठवलंय.

गयाबाईंनी यजमानांच्या डोळ्यांसमोर नऊ बोटं धरली, खोलीकडे दाखवलं आणि हाताचा तळवा उलटा केला. सखारामबुवांनी खोलीकडे पाहिलं.

"तवापासनंच," ते म्हणाले. "त्येच्या आदी पेटी वाजत न्हवती. नऊ सालं झाली वाजती."

गयाबाई मटकन खाली बसल्या. "आन आमी रोज बलावत ऱ्हायलो त्येला! भाऊ, कुनी एक कारड का टाकलं न्हाई? त्यो बिचारा तिकडं मेला, आन रोज दुपारच्याला आमी त्येला इतकं लांब चालत आनला." मग त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि रडल्या. भुताची भीती मला वाटत होती. त्यांना वाटत होती ती त्या माणसाची कणव. माझी मलाच लाज वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "पोर हाय न्हवं?"

"आहे. चांगली आहे."

"मग दार सोडता येनार न्हाई. उद्याच्याला एकीची हाक मारायची. चावी तिची तिला द्या. जित्या मानसाच्या घराची चावी दुसऱ्यानं ठिवू नये."

रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा गल्ली चाललो. एकोणिसाव्या दाराशी गयाबाईंनी मला विचारलं, "नाव काय पोरीचं?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा घोळवून पाहिलं. मग मुरमाळच्या उन्हात एका डॅनिश शाळामास्तरणीच्या नावाने हाक गेली.

"ओ ऽ ऽ इंगरा!"

एक श्वास. मी माझा रोखून धरला होता. सखारामबुवांचा तळवा दारावर होता, डोळे मिटलेले.

"न्हाई," ते म्हणाले. "घर गप हाय." आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

इंगरला फोन लावला तो नगरला पोचल्यावर, माळीवाड्याच्या स्टँडवर, एसटीच्या गोंगाटात. श्वासांचं सांगितलं, मोजणीचं सांगितलं. शेवटच्या दाराचं सांगताना मी दोनदा अडखळलो. तुझ्या वडिलांनी दोन बोटं दाखवली आणि हात असा आडवा धरला, हे फोनवर दाखवता येईना, म्हणून म्हटलं, सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीइतका.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला मोजलं होतं?" ती म्हणाली.

"तीस वर्षं. रोज दुपारी."

ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मग तिने विचारलं, त्यांना हे माहीत होतं तर आकडा का नाही लिहिला? मला जे वाटलं ते मी सांगितलं. मोजणी ज्याची त्याने सांगायची असते. तू त्यांच्या घरातली आहेस की नाही, हे तुझ्या वतीने लिहायची त्यांची हिंमत झाली नसेल.

"मग मी लिहिते," ती म्हणाली. "एक. आणि तो सेकंदांवर नाही मोजायचा. मी पुढच्या रांगेत बसेन. माझा श्वास पूर्ण होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं." किल्ली कुरियरने पाठवू का, असं मी विचारलं. नको, म्हणाली, पुढच्या दिवाळीत मीच घ्यायला येईन.

पुण्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिना चढताना मी नेहमीसारखा 'आलो गं' म्हणायला तोंड उघडलं आणि दाराशी थबकलो. हातातली पिशवी खाली ठेवली. उजव्या हाताचा तळवा दारावर टेकवला, सखारामबुवा टेकवत तसा.

तीन वर्षं मी तिला रोज बोलावत होतो. आणि ती बिचारी रोज येत होती. कडीला तेल घालायचं म्हणे!

मी हाक मारली नाही. एक श्वास थांबलो, माझा माझा. आतून काही आवाज आला नाही. मग कुलूप काढून दार उघडलं, दिवा लावला. झोपाळा स्थिर होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या घरात एकटा शिरलो.